लिंक बदलली, पण भिंतीवरचा क्यूआर तोच राहिला

हे वाचताना एकदा ब्राउझरच्या वरच्या पट्टीकडे बघा. तिथल्या पत्त्याला इतिहास आहे, आणि त्यात माझी एक चूकपण आहे.

सुरुवातीला पत्ता म्हणजे फाइलची जागा. १९९१ मध्ये सर्नमधल्या टिम बर्नर्स-ली यांनी पहिली वेबसाइट सगळ्यांसाठी खुली केली. तिच्या पत्त्यात फोल्डर, आत आणखी एक फोल्डर आणि शेवटी फाइलचं नाव. सरळ वाचता यायचं. १९९३ मध्ये सीजीआय आलं, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्राम चालवून पान तयार करायची सोय. पुढे मजकूर डेटाबेसमध्ये गेला आणि पत्त्यात प्रश्नचिन्ह, मग आयडी, मग आकडा असं यायला लागलं. मशीनला कळतं, माणसाला नाही.

१९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाचे सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिलं. बाहेर सुटसुटीत पत्ता दाखवायचा, आत सर्व्हर गुपचूप खऱ्या प्रोग्रामकडे वळवणार. १९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनी एका निबंधात सांगितलं की चांगला पत्ता कधी बदलत नाही, म्हणून त्यात फाइलचा प्रकार, सॉफ्टवेअरचं नाव असलं काही ठेवूच नका. सॉफ्टवेअर बदलतं, पत्ता राहायला हवा.

हे मी वाचलं होतं. तरी चुकलोच.

आमच्या पॉडकास्टची साइट आधी मी स्वतः पीएचपीत लिहिली होती. गावच्या वाचनालयावरच्या भागाचा पत्ता आयडी १७ वर संपायचा. वाचनालयाने त्याचा क्यूआर छापून दाराशेजारी चिकटवला. मग एका रात्री मी सगळं वर्डप्रेसवर हलवलं, सुंदर पत्ते लावले आणि खुशीत झोपलो. आठवड्याने वाचनालयातल्या काकांचा फोन. "अरे, पोरं मोबाइल धरतात आणि पान सापडत नाही म्हणतंय. तू काढून टाकलंस का?"

काका, काढलं नव्हतं हो. फक्त जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाटी लावायला विसरलो होतो.

त्या पाटीला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात: कायमचं स्थलांतर. पहिला प्रयत्न फसला, कारण रीराइटरूल प्रश्नचिन्हाच्या पुढचं बघतच नाही. त्यासाठी आधी रीराइटकंडची वेगळी ओळ लागते. ती टाकली आणि क्यूआर चालू झाला.

पण नवा पत्ता 'आमच्या-गावच्या-वाचनालयाच' इथेच तुटलेला! कारण आपलं देवनागरी. आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. पत्त्यात एका बाइटची होतात ३ चिन्हं, म्हणजे एकट्या 'म'ला ९. वर्डप्रेस पत्त्यातल्या नावाला २०० चिन्हांची जागा देतं. इंग्रजी शीर्षक आरामात बसतं, आपलं साधारण २२ चिन्हांत संपतं.

मित्र म्हणाले, रोमनमध्ये लिही ना, झंझट कशाला? मी नाही लिहिलं. पत्ता ठेवला फक्त 'वाचनालय'. ७ चिन्हं, ६३ जागा. छोटा, मराठी आणि आता न बदलणारा.

तुमची साइट हलवणार असाल तर आधी जुन्या पत्त्यांची यादी काढा. प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहा, मगच झोपा. तुमची लिंक कोणत्या भिंतीवर चिकटलीय, हे तुम्हाला कुणी सांगत नाही.

भेटू पुढच्या भागात!