पुढचा बारीक, मागचा जाड

इतिहासाला मी दहावीनंतर रामराम ठोकला आणि कॉमर्सला गेलो. तेव्हापासून सनावळीशी माझा संबंध मुदत ठेवीच्या पावतीपुरताच उरला. पण मागल्या पावसाळ्यात एका टायरवाल्याने मला पुन्हा इतिहासाच्या वर्गात आणून बसवलं, आणि तेही पहिल्या बाकावर!

झालं असं, की आमच्या अण्णांच्या नॅनोचे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. माझ्या टाळूशी स्पर्धा करतील इतके. मी गाडी घेऊन दुकानात गेलो. टायरवाल्याने वाकून पाहिलं, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"साहेब, मागची साईज मिळायला वेळ लागंल. पुढच्या साईजचे दोन पडलेत. तेच टाकू का मागं? चारही सारखे होतील. कोण बघतंय?"

'कोण बघतंय' हा मुद्दा आमच्या बँकेत चालत नाही, कारण तिथे ऑडिटर बघतो. रस्त्यावर ऑडिटर नसतो. शिवाय पुढची साईज स्वस्त पडत होती. मी म्हटलं, टाका.

नॅनोचे टायर पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या, हेच मुळी मला त्या दिवशी कळलं. पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२. हा मजकूर वाचायला कॉमर्सचाच माणूस हवा. १३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७० टक्के. १२ हा रिमचा व्यास, पण इंचात. मधला आर म्हणजे रुपये नव्हे, रेडियल. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असं पासबुक आम्ही छापलं तर खातेदार काऊंटरवर चढतील. मी आकडेमोड केली. मागचं चाक पुढच्यापेक्षा २० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम साडेबारा मिलिमीटर उंच निघालं. एवढ्याशा फरकासाठी तीन आठवडे कोण थांबणार?

आता माझीही बाजू ऐका. मी वाढलो पिंपरी-चिंचवडात, आणि आमच्या गावाचा धर्म म्हणजे सगळी चाकं सारखी. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ साली चेतक काढली. तिचं पुढचं चाक मागे बसे, मागचं पुढे बसे, आणि स्टेपनी दोन्हीकडे बसे. घरात थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो, तसंच. ही स्टेपनी मूळची वेल्समधल्या लानेली गावची. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीचं जादा चाक काढलं, त्याला रस्त्याचं नाव दिलं. खुद्द साहेबाच्या देशात हा शब्द आता मागे पडला आहे, पण निगडी नाक्यावर तुम्ही 'स्पेअर व्हील' म्हणालात तर पंक्चरवाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून १९७७ साली पहिला ट्रक बाहेर पडला. सहाचाकी ट्रकलाही मागे वजन जास्त. पण तिथे जाड टायर न लावता त्याच मापाची जोडी लावतात. पुढे एकेकटी चाकं आणि मागे जोडीची, म्हणजे जबाबदारी वाढल्यावर माणूस लग्न करतो तसं. माप मात्र सहाही चाकांचं एकच.

तेव्हा चाकांच्या बाबतीत आम्ही जन्मजात समतावादी. अण्णा भोसरीच्या एमआयडीसीत टर्नर होते. त्यांच्या चेतकवर पुढे मी उभा, मग अण्णा, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर धाकटी बहीण. पावसात अशाच एका स्कूटरवरचं चौघांचं कुटुंब पाहून आपल्याला स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असं रतन टाटांनी सांगितलं आहे. ते कुटुंब आमचंच, असं आई छातीठोकपणे सांगते. तिला पुरावा मागण्याची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नाही.

एक मात्र खरं. प्रश्न आकुर्डीच्या स्कूटरवरचा आणि त्याचं उत्तर सापडलं पिंपरीत. लोकलने मध्ये एकच स्टेशन, चिंचवड. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या मंडळींनी नॅनो घडवली, आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगाला दिसली. पोरीचं माहेर पिंपरी. लग्न ठरलं बंगालातल्या सिंगूरला, ते ऑक्टोबर २००८ मध्ये मोडलं. मग काही दिवस पंतनगरला पाहुणी म्हणून राहिली आणि जून २०१० पासून गुजरातेत साणंदला नांदू लागली. २००९ च्या एप्रिलमध्ये दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या लाखभर गाड्यांसाठी चक्क सोडत काढावी लागली. आमच्या शाखेत तर कर्जाच्या चौकशीला इतकी गर्दी की, चहाला उठायची सोय राहिली नव्हती. पुढे ती गर्दी ओसरली. २०१८ साली नॅनो बनायची थांबली. अण्णांची मात्र अजून चालते.

या गाडीत काटकसर किती, तर वायपर एक. चाकाला बोल्ट तीन. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटच्या खाली सारलेलं. आमच्या आजीने संसार केला तो याच पद्धतीने. आता एवढा हात आखडणाऱ्यांनी टायर मात्र दोन मापांचे का घ्यावेत? एकच माप असतं तर खरेदी सोपी. गिऱ्हाइकालाही पुढचे टायर मागे अशा बदल्या करून चौघांची झीज सारखी करता आली असती. दोन मापांच्या गाडीला स्टेपनीसुद्धा निम्मीच कामाची. म्हणजे तोटाच तोटा. तरी हा खर्च त्यांनी केला. काटकसरी माणूस जिथे पैसा सोडतो, तिथे कारण असतं, हे कर्जाचे अर्ज तपासताना मला रोज दिसतं. दुकानात मात्र दिसलं नाही.

ते दिसलं गणपतीत. मावशीकडे चाकणला निघालो होतो. मी चालवतोय, शेजारी अण्णा, मागे आई आणि आमची ही. आईच्या मांडीवर मोदकांचा डबा. तळवडं सोडलं आणि पाऊस भुरभुरायला लागला. रस्त्यावर ट्रेलरांच्या चाकांनी आणलेला चिखल. एका वळणावर मी जरासा ब्रेक लावला, आणि गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण ते देवळातल्या घंटेसारखं, नुसतं धरण्यापुरतं. गाडी गर्रकन फिरली आणि जिकडून आलो तिकडे तोंड करून उभी राहिली. समोर एक कंटेनर ब्रेक करकचून थांबलेला. त्याच्या नंबरप्लेटवरची धूळ मला दिसत होती.

कुणीच काही बोललं नाही. मागे वळून पाहिलं तर आईने मोदकांचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिने स्वतःला कशालाच धरलं नव्हतं.

अण्णा पावसात उतरले, मागे गेले, उकिडवे बसले आणि टायरवरून बोट फिरवलं.

"हे कुणी बसवले?"

"मी, अण्णा."

"किती वाचले?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले. चाकणला पोचेपर्यंत तीसच्या वर काटा गेला नाही. चहा झाल्यावर मात्र त्यांनी मावशीच्या ओट्यावर माझी शिकवणी घेतली.

"अरे, इंजिन मागे. माणसं मागे. ढकलायचं कामही मागच्याच चाकांना. आणि तू त्यांचेच पाय बारीक केलेस?"

वळणावर जड बाजू बाहेर फेकली जायला बघते. तिला धरून ठेवायला मागचा टायर रुंद ठेवलेला. पुढचा मुद्दाम बारीक. एक तर पुढे वजन कमी, त्यामुळे स्टिअरिंग हलकं. आणि घसरायचीच वेळ आली तर आधी पुढचे घसरावेत. तसं झालं तर गाडी थोडी सरळ जाते, घाबरलेला माणूस वेग कमी करतो आणि गाडी आवरते. आधी मागचे सुटले तर भल्याभल्यांची फिरकी होते. अण्णा म्हणाले, यात नवीन काय? व्हिक्टोरियाची पुढची चाकं लहान असत, वळताना गाडीच्या पोटाखाली जावीत म्हणून. ट्रॅक्टरची मागची मोठी, ओढायला. ज्याचं जसं काम, तसं त्याचं माप.

मी बँकेचा माणूस, मला लगेच पटलं. आमच्याकडेही दिशा दाखवायला पुढे साहेब असतात, आणि वजन आणि ढकलाढकल मागे काऊंटरवर. फक्त टायर तेवढे उलटे बसवलेले आहेत.

चाकणलाच जिचा कारखाना २००९ सालापासून आहे, त्या मर्सिडीझच्या काही महागड्या गाड्यांनाही मागे जास्त रुंद टायर असतात म्हणे. तिथे कारण ताकदीचं, आमच्याकडे बोज्याचं. पण तेवढ्यापुरतं तरी लाखाच्या आणि कोटीच्या गाडीचं गोत्र एक निघालं.

तीन आठवडे थांबून मी मागचे टायर योग्य मापाचे आणले. तेवढे दिवस गाडी दारात उभी होती आणि मी बसने बँकेत जात होतो. दसऱ्याला अण्णांनी गाडीच्या पुढे झेंडूचा हार बांधला. आई कुंकवाची कोयरी घेऊन आली, पुढून न थांबता सरळ मागे गेली आणि दोन्ही मागच्या चाकांना बोट लावून म्हणाली, "आधी यांना."