पंचकार्डांपासून शेवटच्या रात्रीपर्यंत
पंचकार्डांच्या काळात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला घाई परवडत नसे. कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा, निकालाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांग.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक भाषा आणि टाइम-शेअरिंग, म्हणजे एकच संगणक एकाच वेळी अनेकांनी वापरायची पद्धत, आणलं. उत्तर लगेच मिळू लागलं. सोय झाली, तसं काम शेवटच्या रात्रीवर ढकलणंही सोपं झालं.

या ढकलण्याचा गुणांशी काय संबंध? व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या स्टीफन एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या कामांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी एकाच विद्यार्थ्याची चांगल्या आणि कमी गुणांची कामं ताडून पाहिली, हे फार मोलाचं. चांगले गुण मिळाले तेव्हा काम लवकर सुरू झालं होतं, लवकर संपलंही होतं. एकूण वेळ मात्र जास्त लागलेला दिसला नाही.