टाटा मोटर्सकडून जॅग्वार लँड रोव्हरचे संपादन

मुंबईस्थित टाटा मोटर्स कंपनीने २ जून २००८ रोजी अमेरिकेच्या फोर्ड मोटर कंपनीकडून जॅग्वार व लँड रोव्हर हे दोन ब्रिटिश मोटार उद्योग २.३ अब्ज डॉलरना विकत घेतले. करार त्याच वर्षी २६ मार्चला झाला होता. डेमलर, लँचेस्टर व रोव्हर या जुन्या नाममुद्राही या व्यवहारात टाटांकडे आल्या.

पार्श्वभूमी

विल्यम लायन्स व विल्यम वॉम्स्ली यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूल येथे मोटारसायकलींना जोडावयाच्या साइडकार बनविणारी 'स्वॅलो' कंपनी काढली. पुढे ती कॉव्हेंट्रीस गेली व मोटारी बनवू लागली. 'एसएस' हे तिचे नाव नाझी संघटनेची आठवण करून देणारे असल्याने १९४५ मध्ये 'जॅग्वार' हे नाव धारण करण्यात आले. १९५१ ते १९५७ या काळात ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाड्यांनी पाच वेळा जिंकली. १९६१ची ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींमध्ये बहुधा सर्वांत देखणी मानली जाते.

१९६६ मध्ये जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये व १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये सामील झाली. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन आणि रोव्हर यांना एकाच छत्राखाली आणणारा हा संसार कधीच नीट जमला नाही. एकमेकांच्या स्पर्धक गाड्या एकाच घरात तयार होत, संप वारंवार होत आणि नव्या आराखड्यांसाठी पैसा उरत नसे. १९७५ मध्ये समूहाचे राष्ट्रीयीकरण झाले. एमजीचा ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्ये बंद पडला, तर ट्रायम्फची टीआर ७ ही गाडी १९८१ मध्ये थांबली. एमजीचे नाव कालांतराने चिनी कंपनीकडे गेले; ट्रायम्फ मोटारींचे नाव बीएमडब्ल्यूकडे केवळ कागदावर आहे. जॅग्वार मात्र १९८४ मध्ये भागविक्रीद्वारे स्वतंत्र झाली आणि १९८९ मध्ये फोर्डने ती घेतली.

व्यवहार व परिणाम

जॅग्वार व लँड रोव्हर मिळविण्यासाठी फोर्डने सुमारे ५.२ अब्ज डॉलर मोजले होते. विकताना त्याच्या निम्मेही हाती आले नाहीत. शिवाय कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत फोर्डला सुमारे ६० कोटी डॉलर भरावे लागले. टाटांनी खरेदीसाठी ३ अब्ज डॉलरचे अल्पमुदतीचे कर्ज उभारले. काही महिन्यांतच जागतिक मंदी आली, टाटा मोटर्सच्या हक्कभाग विक्रीस भागधारकांनी थंड प्रतिसाद दिला, आणि २००८–०९ च्या एकत्रित ताळेबंदात सुमारे २,५०० कोटी रुपयांचा तोटा दिसला. पुढच्याच वर्षी कंपनी नफ्यात आली.

टाटांनी अभियांत्रिकी व आरेखन इंग्लंडमध्येच ठेवले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. २०११ पासून पुणे येथे लँड रोव्हरच्या, तर पुढे जॅग्वारच्याही काही गाड्यांची जुळणी होऊ लागली. २०१३ मध्ये आलेली एफ-टाइप ही ई-टाइपची वारसदार समजली गेली. नफ्याचा मोठा वाटा मात्र लँड रोव्हरच्या उंच गाड्यांनी मिळवून दिला. जॅग्वारची विक्री अपेक्षेइतकी वाढली नाही. २०२१ मध्ये जॅग्वार केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवील, असे जाहीर झाले. २०२४ मध्ये एफ-टाइपचे उत्पादन थांबले. टाटा मोटर्सच्या २०२५ मधील विभाजनानंतर जॅग्वार लँड रोव्हर ही टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्सच्या अखत्यारीत आहे.