सोमवारी छाती, मंगळवारी पाठ

मंडळी, मागच्या महिन्यात आमचा धाकटा नातू सुट्टीला आला होता. येताना बॅगेत दोन पुस्तके आणि प्रोटीन पावडरचा एक भला थोरला डबा. (डबा रिकामा झाला की पोहे ठेवायला घ्यायचा, हे हिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले.) स्वारी सहा महिन्यांपासून जिमला जाते आहे. आल्या आल्या त्याने कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार दंड, शुक्रवार पाय. शनिवार-रविवार सुट्टी.

शाळेत वेळापत्रक लावण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याच गळ्यात असायचे. त्यामुळे वेळापत्रक दिसले की हात शिवशिवतात. मी विचारले, "अरे, सोमवारीच सुट्टी आली तर छातीचं काय?"

"मग पुढच्या सोमवारी, आजोबा."

म्हणजे आमच्या चित्रकलेच्या तासासारखेच झाले. आठवड्यातून एकच तास, आणि नेमका तोच कुठल्यातरी जयंतीत बुडायचा. पोरे पंधरा-पंधरा दिवस ब्रश हातात धरायची नाहीत.

"पण सगळे असंच करतात. पहिल्यापासून असंच आहे," नातू म्हणाला. 'पहिल्यापासून' हा शब्द ऐकला की माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा होतो. मग काय, बसलो वाचत.

आमच्या लहानपणी तालमीत 'आज छाती का पाय?' असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. जोर मारले की छाती, खांदे, दंड आले. बैठका मारल्या की मांड्या आल्या. दोन्ही रोजच्या रोज. बरे, हे आपल्याकडेच होते असे नाही. वजने उचलणाऱ्या अमेरिकेतही बराच काळ एकाच दिवशी सगळ्या अंगाचा व्यायाम करायची पद्धत होती. स्टीव्ह रीव्ह्ज १९४७ साली मिस्टर अमेरिका झाला, १९५० साली मिस्टर युनिव्हर्स झाला आणि १९५८ च्या 'हर्क्युलिस' चित्रपटाने जगभर गाजला. तो आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, सगळ्या शरीराला व्यायाम द्यायचा. देखणे शरीर म्हणून आजही त्याचेच फोटो दाखवतात.

मग विभागणी आली कुठून? कारण अगदी साधे आहे. शरीरसौष्ठव स्पर्धांतली चुरस वाढली तशी प्रत्येक स्नायूसाठी व्यायामांची संख्या वाढत गेली, आणि सगळे एका बैठकीत मावेना. आमच्याकडे नवा विषय आला की तास वाढवायचे कुठे, तोच प्रश्न. अर्नोल्ड श्वार्झनेगर १९६६ साली म्युनिकला गेला, तिथे जिममध्येच नोकरी करू लागला आणि सकाळ-संध्याकाळ असा दोन तुकड्यांत व्यायाम करू लागला. पुढे अमेरिकेत आठवड्याचे सहा दिवस. पण गंमत अशी, की त्याच्याही वेळापत्रकात एकेका स्नायूची पाळी आठवड्यातून दोन-तीनदा यायची! आठवड्यातून एकदाच पाळी देऊन गाजला तो बर्मिंगहॅमचा डोरियन येट्स. १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया. तो व्यायाम मोजकाच करायचा, पण स्नायू पार थकेपर्यंत. म्हणजे नातवाचे 'पहिल्यापासून' हे त्याच्या बापाच्या कॉलेजच्या दिवसांपलीकडे फारसे जात नाही.

आणि आणखी एक. या दोघांनीही स्टिरॉइड घेतल्याचे पुढे उघडपणे सांगितले आहे. त्यांचे वेळापत्रक घ्यायचे आणि ती बाजू विसरायची, हे काही खरे नाही. साध्या माणसाचे गणित वेगळे. १९९५ साली कॅनडातल्या संशोधकांनी तरुणांच्या दंडाचा जड व्यायाम घेऊन मोजमाप केले. व्यायामानंतर चोवीस तासांनी स्नायूची बांधणी दुपटीच्या वेगाने चालू होती, आणि छत्तीस तासांपर्यंत ती जवळजवळ पूर्ववत झाली होती. मग सोमवारची छाती बुधवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत काय करते? नुसती वाट बघते!

मात्र नातवाच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. २०१६ साली अनेक प्रयोग एकत्र पाहिले तेव्हा आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा बरे असे दिसले होते, पण २०१९ च्या आणखी मोठ्या आढाव्यात आठवड्याचा एकूण व्यायाम सारखा ठेवला तर तो किती दिवसांत वाटला याने फारसा फरक पडत नाही असे निघाले. तेव्हा पाचही दिवस न चुकता जाणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते दांडी मारणाऱ्याचे.

हे मी एवढे मन लावून का वाचले, तेही सांगून टाकतो. गेल्या गणपतीत आरतीनंतर जमिनीवर बसलो आणि उठताच येईना. दोघांनी हात दिला तेव्हा उठलो. सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांनी ताकदीचे व्यायाम करा म्हणून सांगितले. जवळच्या एका जिममध्ये गेलो, तर तिथल्या मुलाने हाच पाच दिवसांचा कागद हातात दिला. पायांच्या दिवशी पायांचेच सहा प्रकार! पुढचे तीन दिवस कठड्याला धरून, उलटा होऊन जिना उतरत होतो. सोडून दिले.

आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी वाचल्या. आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि दोन्ही दिवशी सगळे मोठे स्नायू. झाली की नाही आमची तालीम! नातवाने बसून मला मंगळवार-शुक्रवारचा कागद करून दिला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला जोर, रबरी पट्टा ओढणे, टाचा उचलणे, आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन गच्चीत फेऱ्या. सगळे मिळून पाऊण तास.

त्याचा स्वतःचा कागद त्याने जाताना काढून नेला. माझा अजून कपाटावर आहे. परवा देवघरासमोर बसलो होतो, एक हात जमिनीला आणि एक गुडघ्याला टेकून उठलो. ही स्वयंपाकघरातून बघत होती, बोलली काहीच नाही.