कणा, कवच आणि ‘जयकरी’ प्राणी

पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय ही प्राण्यांची विभागणी शाळेत इतकी सहज शिकवली जाते की ती फार जुनी वाटते. तिचे वय मात्र सव्वादोनशे वर्षांच्या आसपास आहे. अ‍ॅरिस्टॉटलने रक्ताचे आणि बिनरक्ताचे असे दोन गट केले होते. लिनियसने सहा वर्ग पाडले. त्यांतला ‘कृमी’ हा शेवटचा वर्ग म्हणजे उरलेसुरले कोंबायची अडगळच. ही अडगळ आणि कीटक 1793 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात लामार्क या मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या वाट्याला आले. ती आवरताना त्याने कण्याची कसोटी लावली आणि 1801 च्या ग्रंथाच्या नावातच ‘कणा नसलेले प्राणी’ आणले.

अरबी परंपरेची वाट निराळी. कैरोच्या दमीरीने चौदाव्या शतकात रचलेल्या ‘हयात अल-हयवान’ या कोशात प्राणी वर्णानुक्रमाने येतात. प्राण्याचे मांस धर्मसंमत आहे का, तो स्वप्नात दिसल्यास अर्थ काय, हेही तिथे सापडते. या कोशाच्या मोठ्या भागाचा इंग्रजी अनुवाद 1906 ते 1908 दरम्यान प्रसिद्ध झाला. अनुवादक होते आत्माराम सदाशिव जयकर, मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीचे सर्जन. दवाखाना सांभाळून ते ओमानचे प्राणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत, आणि तिथले शास्त्रज्ञ नव्या जातींना ‘जयकरी’ म्हणत.

ओमानात कण्याचा धडा शिकवायला या ‘जयकरी’ प्राण्यांपेक्षा चांगला संच मिळणे कठीण (कंसात नामकरणाचे वर्ष). हाजर डोंगरातला ताहर हा रानबकरा (1894) कुणालाही ओळखता येतो. खरी परीक्षा पुढे आहे. वाळूत पुरून राहणारे, माथ्यावर डोळे असलेले मांडूळ (1888) गांडुळाच्या पंगतीत बसवण्याचा मोह होतो, पण त्याच्या अंगात मणक्यांची लांबलचक माळ असते. समुद्रघोड्याला (1900) बाहेरून हाडांच्या कड्यांचे चिलखत, तरी आत कणा आहेच. तो मासा आहे. विंचवाचे (1895) कवचही टणक, पण आत मणका एकही नाही. रास अल-जिन्झच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवाची तर पाठच बरगड्या आणि मणके जुळून बनलेली. थोडक्यात, मुलांना ‘अंग टणक आहे का’ हे विचारून भागत नाही. सांगाडा दाखवावा लागतो.

लामार्कची रेघही पुढे सरकली. 1866 मध्ये रशियन प्राणिशास्त्रज्ञ कोवालेव्स्कीला बिनकण्याच्या सागरी पिशवीवजा प्राण्यांच्या डिंभात पृष्ठरज्जू, म्हणजे कणाधारी प्राण्यांच्या भ्रूणात कण्याआधी दिसणारा आधारदंड, आढळला. त्यामुळेच महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात हर्डमानिया हा प्राणी, कणा नसूनही, समपृष्ठरज्जू प्राण्यांत आहे.