दुसऱ्या भेटीतले बोलणे

कादंबरीकाराला नायक-नायिकेची पहिली भेट लिहिणे फारसे जड जात नाही. आगगाडी चुकवावी, पाऊस पाडावा, एखादी छत्री कुणाला तरी विसरायला लावावी. बाकीचे काम वाचकच करतो. लेखणी अडते ती दुसऱ्या भेटीपाशी. नाव कळलेले असते, गाव कळलेले असते, पाऊसही थांबलेला असतो. दोघे समोरासमोर बसली आहेत आणि आता त्यांनी काहीतरी बोलायला हवे! माझ्या कितीतरी नायकांनी या ठिकाणी नुसता चहाच ढवळत वेळ काढला आहे.

कागदावरची ही पंचाईत घरोघरी प्रत्यक्षातही असते. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात. पोह्यांचा कार्यक्रम पार पडलेला असतो, पसंती दोन्हीकडून अर्धीमुर्धी कळलेली असते, आणि मग कुणीतरी शहाणे वडीलधारे म्हणतात, "दोघांना एकदा बाहेर भेटू द्या हो, बोलू द्या." ज्यांची ओळख मोबाईलवर झाली त्यांचीही दुसऱ्या भेटीत तीच गत होते. मुलगा शर्टाला इस्त्री करतो, मुलगी वेळेवर पोचावे की दहा मिनिटे उशिरा, याचा विचार करते. पण बोलायचे काय, हे दोघांनाही कुणी शिकवलेले नसते. आणि शिकवणार तरी कोण? आपल्या पणजी-खापरपणजीच्या वाट्याला बहुधा ही भेट आलीच नव्हती. पांढरपेशा महाराष्ट्रात लग्नाआधी दोघांनी बसून बोलण्याचा इतिहास फार मागे जात नाही. पण आहे तेवढा ऐकण्यासारखा आहे.

जुन्या काळी पहिली भेट व्हायची ती अंतरपाट दूर झाल्यावर. मुलगी नऊ-दहा वर्षांची, नवरा तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, बिजवर असेल तर वीस वर्षांनीही. अक्षता पडायच्या, डोळे खाली असायचे, आणि ओळख पुरी व्हायची! पुढे एकाच वाड्यात राहूनही दिवसाउजेडी एकमेकांशी बोलण्याची सोय नव्हती. तो ओटीवर, ती माजघरात. वडिलांदेखत बायकोला हाक मारणे हा उद्धटपणा आणि नवऱ्याचे नाव घेणे हे तर पाप. बोलायची वेळ आलीच तर "स्वारी", "इकडून", "तिकडे" असे दिशादर्शक शब्द वापरायचे. नाव घ्यायचे ते उखाण्यात, तेही कुणी आग्रह केला तर! ज्या भाषेत नवऱ्याला नाव नव्हते, त्या भाषेत त्याच्याशी गप्पा कशा माराव्यात?

ही चौकट ध्यानात ठेवली म्हणजे 1873 सालच्या डिसेंबरातील एका रात्रीचे मोल कळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या वेळी पुण्याला न्यायाधीश होते. वय एकतीस. पहिली पत्नी त्याच वर्षी वारलेली. मनातून विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. सुधारक मित्रांत हसे झाले ते वेगळेच, स्वतःच्या मनाला जे लागले ते त्याहून जास्त. पुढे रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 साली निघालेल्या पुस्तकात त्या रात्रीचे संभाषण सांगितले आहे. रानड्यांनी आधी विचारले, की तुझे लग्न माझ्याशी झाले, पण मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे काय? ती हो म्हणाली. मग ते म्हणाले, सांग पाहू. आणि तिने घरी ऐकलेले पूर्ण नाव सांगून टाकले. पुढे त्यांनी तिच्या माहेरची चौकशी केली, आणि मग लिहितावाचता येते का, असे विचारले. येत नव्हते. त्याच रात्री पाटी-पेन्सिल आली आणि मुळाक्षरांना प्रारंभ झाला.

वाचकहो, या प्रश्नांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिलाच प्रश्न नावाचा, म्हणजे जे उच्चारायला सारे जग त्या मुलीला मनाई करणार होते त्याचा. दुसरा माहेरचा. घाबरलेल्या मुलीला ज्या विषयावर न अडखळता बोलता येईल असा तो एकच विषय. अवघड प्रश्न आला तो शेवटी, जीभ जरा सैल झाल्यावर. आणि उत्तर नकाराचे आले तेव्हा उपदेश न करता त्या माणसाने पाटी हातात दिली. मोठ्या विद्वानाला लहानाशी बोलता येतेच असे नाही. रानड्यांना येत होते.

पण या गोष्टीवर नुसती फुले वाहून पुढे जाणे बरे नव्हे. ती अकरा वर्षांची होती. "नाही" म्हणण्याचा मार्ग तिला नव्हता आणि उलट प्रश्न विचारण्याचे तर तिच्या स्वप्नातही नसेल. संभाषण गोड खरे, पण एका हाताचे. पुढे वाचनाबद्दल घरातल्या बायकांचे टोमणे तिला वर्षानुवर्षे सोसावे लागले. ती पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली, हे तिचे कर्तृत्व. त्या रात्री नवरा जरा वेगळा निघाला हे तिचे नशीब. आणि समाजाची रीत नशिबावर चालवता येत नाही.

नशीब वेगळे निघाले तर काय होते, हे मुंबईच्या रखमाबाईंनी दाखवून दिले. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. 1884 साली दादाजींनी हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. अजाण वयात लागलेल्या लग्नासाठी सज्ञान स्त्रीला बळाने पाठवावे, हे त्यांना पटेना. अपील झाले आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली! साऱ्या देशात गदारोळ उठला, वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. शेवटी 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

कायदेपंडित या खटल्यात पुष्कळ कलमे पाहतात. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते: लग्न ठरले तेव्हा त्या मुलीला कुणी काही विचारले नव्हते. रानड्यांनी लग्न झाल्यावर का होईना, विचारले. इथे विचारण्याचे काम कोर्टाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत राहून गेले.

याच सुमारास हरिभाऊ आपटे 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी लिहीत होते. त्या दुःखाच्या पुस्तकात सुखाची जी थोडी पाने आहेत ती यमू आणि रघुनाथराव यांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला मिळते तेव्हाची. नवरा-बायकोंनी नुसते बोलत बसणे हेही सुख असू शकते, ही त्या वेळच्या कित्येक वाचकांना बातमीच वाटली असेल.

मग 1893 साल उजाडले. फर्गसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे विधुर होते आणि पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. 11 मार्चला पुण्यात त्यांचा विवाह झाला. मुरूडला गेल्यावर गावाने बहिष्कार टाकला, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. पण या लग्नातली मला मोठी वाटणारी बाब निराळी आहे. ही वधू वयाने जाणती होती. भावाच्या मित्राला ती ओळखत होती. पाऊल टाकले ते काय होईल हे समजून टाकले. म्हातारपणी तिने आपली हकीकत लिहिली आणि तिला नाव दिले 'माझे पुराण'. पुराण आणि तेही "माझे"! ज्या बाईचे कुणी ऐकून घेतलेले असते तिलाच असे नाव सुचते.

यापुढचे काम कायद्याने आणि शाळांनी सावकाश केले. 1891 चा संमतिवयाचा कायदा दहाचे बारा करताना केवढे वादळ उठले होते! 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवले, 1949 मध्ये ते पंधरा झाले, आणि 1978 मध्ये मुलीला अठरा व मुलाला एकवीस ही मर्यादा आली. अंतरपाटामागची नवरी अशी वर्षावर्षाने मोठी होत गेली. आता तिला विचारण्यासारखे आणि तिने विचारण्यासारखे पुष्कळ होते.

पण मोकळे झाले ते बोलणे नव्हे, पाहणे! दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलीने पोह्यांच्या बश्या आणाव्यात, नाव सांगावे, चालून दाखवावे, गाणे म्हणावे. मुलाकडच्यांनी चार प्रश्न विचारावेत आणि "कळवतो" म्हणून उठावे. 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा शिकलेल्या मुलींच्या मनातले बोल प्रथमच चारचौघांत आले. महाराष्ट्र इतका हादरला की लेखिका कोण याचाच शोध सुरू झाला. पुढे 1937 मध्ये प्रभातच्या 'कुंकू' चित्रपटात म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा नवऱ्याला ठणकावून प्रश्न विचारते आणि तो निरुत्तर होतो. तोवर प्रश्न विचारणे ही एका बाजूची मिरास होती, ती तिथे मोडली.

दुसरी भेट जन्मली ती या सगळ्यानंतर. आधी धाकट्या भावाला सोबत देऊन सारसबागेत नाहीतर रंकाळ्यावर; मग त्या भावाला भेळ घेऊन देऊन दूर बसवून; मग इराण्याच्या हॉटेलात दोघेच. आज कॉफीचे दुकान आहे आणि भाऊ नाही. जागा बदलली, पण भेटीचा अर्थ बदललेला नाही. पहिली भेट घराची असते, डोळ्यांची असते. दुसरी दोघांची आणि कानांची.

मी शाळामास्तर. प्रश्न विचारणे हा माझा धंदा. म्हणून प्रश्नांच्या दोन जाती मला चांगल्या ठाऊक आहेत. एक परीक्षेचा. त्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असते. समोरचा चुकतो की बरोबर येतो एवढेच पाहायचे असते. "स्वयंपाक येतो ना?", "पगार किती?", "घर स्वतःचे का?" ही सारी त्याच जातीची भावंडे. दुसरा प्रश्न बोलण्याचा. त्याचे उत्तर विचारणाऱ्याला खरोखरच ठाऊक नसते आणि ते ऐकण्याची त्याला ओढ असते. "मागच्या वेळी तुम्ही आजोळच्या नदीचे म्हणत होतात, ती पुढे आटली का हो?" एवढे विचारले तरी समोरच्याला कळते की आपले बोलणे मागच्या खेपेस वाऱ्यावर गेले नाही. दुसऱ्या भेटीची सगळी पुंजी पहिल्या भेटीत पडलेली असते. ती वेचून आणणारा क्वचितच मुका बसतो.

आणि विचारल्यावर आपणही सांगावे. नुसते विचारत जाणारा माणूस फौजदार वाटतो, नुसते सांगत जाणारा कीर्तनकार. मध्येच दोघे गप्प झाली तर घाबरू नये. गप्पांनाही श्वास घ्यावा लागतो. मात्र दोघांपैकी एकजणच विचारतो आहे आणि दुसरे केवळ उत्तरे देते आहे, असे दिसले तर सावध व्हावे. तिथे रखमाबाईंच्या आधीचा काळ चोरपावलांनी परत आलेला असतो, मग मेजावर कॉफी कितीही महाग असो. लग्नाला नकार देण्याचीही मोकळीक ज्या भेटीत आहे, तिथलाच होकार खरा.

तेव्हा यंदा तुळशीचे लग्न झाल्यावर आपल्या घरचे कुणी दुसऱ्या भेटीला निघाले तर वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे: प्रश्नांची यादी हातात देऊ नये, आणि ते परत आले की दारातच "काय काय विचारलेस?" असे न म्हणता "काय काय ऐकलेस?" असे म्हणावे. उत्तरे आधीच ठाऊक असलेले प्रश्न आम्हा मास्तर लोकांना शाळेत विचारू द्यावेत; आम्हाला त्याचाच पगार मिळतो.