आशाताईंच्या सहा भेटींची कुळकथा

कराड परिसरातील गावांत बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यानंतर आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन करावे, ताप पाहावा, श्वास मोजावा आणि अंगावरचे पाजणे नीट चालले आहे ना ते तपासावे, अशी सरकारी पद्धत आहे. सव्वा महिना घरातून न हलणाऱ्या बाळंतिणीकडे आरोग्यसेवेनेच चालत जाण्याचा हा रिवाज जन्मला तो गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून तेथील गावांतील नवजात मृत्यूंची, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंची, काटेकोर नोंद ठेवली, तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बाळे दगावत असल्याचे आढळले. बाळंतपणे बहुतेक घरीच होत आणि मृत्यू सटवाईच्या लेखावर ढकलले जात. प्रत्यक्षात त्यांमागे जन्मतः श्वास न घेणे, कमी वजन, अंग गार पडणे आणि रक्तात जंतू पसरून होणारा जंतुदोष ही कारणे होती. त्यावर ३९ गावांत स्थानिक स्त्रियांनाच ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवण्यात आले, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचे काम, जे तोवर डॉक्टरांचेच मानले जाई, त्यांच्या हाती सोपवण्यात आले. तिसऱ्या वर्षी तेथील मृत्युदर २५च्या आसपास उतरला; तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो ६०च्या घरातच होता. हा अहवाल १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर ११, तर देशाचा २० होता. अर्थात या घटीत दवाखान्यातील बाळंतपणे आणि नवजात अतिदक्षता कक्ष यांचाही मोठा वाटा आहे.

मात्र गडचिरोलीच्या प्रयोगातील सर्वांत धाडसी भाग, म्हणजे इंजेक्शन, आशांच्या हाती आलाच नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते ठरावीक परिस्थितीत एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिकेला, देण्याची मुभा दिली. वैद्यकीय महाविद्यालय जवळ असलेल्या कराडला ही उणीव फारशी जाणवणार नाही, पण पाटणच्या डोंगरवाड्यांसाठी ती भर पावसाळ्यात गंभीरच ठरते.